एकोणीसशे चारचा लाल धागा

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
(१५ ऑगस्टपासून जिल्हा, पत्त्यात खंडवा लिहू नये)
ता. ९ नोव्हेंबर २००३

चि. वामन यास गिरधरमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागावर नक्षी विणणारं दोनशे चाळीस हुकांचं जेकार्ड, सागवानी चौकटीचं, एक. त्याची पुठ्ठ्याची कार्डं, हाताने भोकं पाडलेली, सहा हजार चारशे. पैकी एकोणीस उंदरांनी खाल्ली, ती पुन्हा केली. सायकलच्या रिमवर फिरणारं कांड्या भरायचं यंत्र, दोन. घरचा जिना, तेरा पायऱ्या, प्रत्येक सव्वासात इंच, कोणीही टेप लावून पाहावी. तुझ्या मामीचं शेवयांचं यंत्र. कूलर एक (आवाज करतो, पण हवा देतो). तुझा पाळणा. देव्हाराही मीच केला असं तुझी मामी लोकांना सांगते, पण त्यावरचं कमळ सुताराने कोरलं, म्हणून तो यादीत धरलेला नाही.

तुमच्या क्लबाचे अध्यक्ष गुंटिस साहेब विचारत होते ना, की हा मामा कोण आणि याने आजवर काय केलंय? ही यादी त्यांना वाचून दाखव. पदरचं काही घालू नकोस. शिक्षण आठवी, हेही सांग. पुढचं सगळं मी वस्तू खोलून आणि परत जोडून शिकलो.

तू लात्व्हियातल्या बंद पडलेल्या गिरणीचे जुने माग खोलायला तीन महिन्यांसाठी गेलास आणि तिथल्या फुटबॉल क्लबात मैदानावर चुना मारायला राहिलास, हे तुझ्या आईला, सरूला, जसोंडीला जाऊन दोनदा समजावलं. सरू एवढंच विचारते की चुना तर इथेही मिळतो.

आता कामाचं. तुमच्या क्लबाला तीन हजार उपरणी! वामन, माझ्या चार मागांपैकी दोन दिवाळीपासून उभे आहेत. भंगारवाला रोज येतो आणि त्यांच्याकडे बकऱ्याकडे बघावं तसं बघतो. दुसरं असं, की एकतीस वर्षं मी जे विणलं ते गठ्ठ्यात बांधून गेलं, कोणाच्या अंगावर पडलं ते कळलं नाही. हे निदान कोणाच्या गळ्यात आहे ते कळेल. मला हे काम पाहिजे. भाव नगास बावन्न रुपये, यात माझी मजुरी मी कमीच धरली आहे. नमुना लवकर पाठव.

एक शंका. बॉलचा खेळ बघायला जाताना गळ्यात लोकरीचं उपरणं कशाला? आपल्याकडे ते सत्कारात मिळतं. तिकडे काय येईल त्याचा सत्कार होतो?

प्रकृती सांभाळ. पत्राच्या वाटेकडे डोळे आहेत.
तुझा मामा,
गिरधर


उपेसकाल्न, लात्व्हिया
ता. १२ डिसेंबर २००३

ती. गिरधरमामांस वामनचा शि. सा. न. वि. वि.

मामा, यादी वाचून दाखवली. गुंटिस साहेबांनी जिन्याचं दोनदा विचारलं. त्यांच्या घराच्या पायऱ्या लहानमोठ्या आहेत म्हणे. काम तुम्हालाच, बावन्न रुपये मंजूर.

इथे बर्फ गुडघ्यापर्यंत आहे, मतलब मैदान दिसतच नाही, आणि माझी नोकरी मैदानाची. रोज फावडं घेऊन ते कुठे आहे याचा शोध घेतो. मॅच एप्रिलपर्यंत नाहीत. क्लबाचं नाव ‘आउडेय्स’. इकडच्या भाषेत आउडेय्स म्हणजे विणकर! गिरणीतल्या लोकांचाच क्लब हा. गिरणी बंद पडली, क्लब राहिला. आता तो पगारी खेळाडूंचा आहे. एकोणीस जण, आणि त्यांचे पगार गुंटिस साहेब आपल्या लाकडाच्या धंद्यातून देतात, कधी पंधरा तारखेला, कधी पुढच्या पंधराला. बघायला दोनशे माणसं आली तर साहेब स्वतः उभं राहून मोजतात.

येत्या १ मेला हा देश युरोपियन युनियनमध्ये जाणार. त्याच दिवशी क्लबाच्या शंभरीचा सोहळा आहे, उपरणी सगळ्या गावाला वाटायची. १९०४ मध्ये स्थापना, म्हणून उपरण्यावर एका टोकाला क्लबाचं नाव आणि दुसऱ्या टोकाला १९०४–२००४ पाहिजे. शंभर वर्षं भरली की नगरपालिका प्रेक्षकांच्या बाकांवर छप्पर घालून देणार आहे, म्हणून साहेबांचा सगळा जीव त्या सालात आहे.

रंग आणि अक्षरं कळावीत म्हणून वेगळ्या पार्सलात क्लबाचा मूळ ध्वज पाठवतोय. मामा, हा नमुना नाही. १९०४ सालचा हा एकच ध्वज आहे. काचेच्या कपाटातून साहेबांनी तो स्वतः काढून दिला. फक्त बघा आणि वापस पाठवा, प्लीज.

मामीच्या हातच्या शेवग्याच्या आमटीची याद येते. माया आहे तशीच असू द्या.
आपला आज्ञाधारक,
वामन


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. ११ जानेवारी २००४

चि. वामन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पार्सल शुक्रवारी मिळालं. पत्र काही आलं नाही. टपालात अडकलं असेल. पण नमुना हातात आला की पत्राची गरज काय? कापड स्वतःच बोलतं.

नेहमीप्रमाणे धागे काढून तपासले. अकरा काढले. पांढरा उभा ताणा सुती आहे. जाळला तर कागदाचा वास आला आणि राख करडी, चिमटीत विरली. लाल आडवा बाणा मात्र पेटला नाही. आखडला, ठिबकला, आणि बशीत त्याचा कडक मणी झाला. तुझी मामी म्हणाली की बशी नवी होती. मी पुन्हा एक जाळला, पुन्हा मणी. म्हणजे नायलॉन.

आता माझी अडचण सांगतो. या कापडावर १९०४ हे साल विणलेलं आहे. माझ्या वहीत नोंद आहे, आणि पालिकेच्या वाचनालयातल्या जाड ज्ञानकोशातही जाऊन पाहिलं, की नायलॉन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. १९०४ सालात हा धागा जगात नव्हता. तेव्हा एक तर कापड खोटं, नाही तर साल खोटं. कापड खोटं नाही, मी हात लावून पाहिलं आहे. विणणाऱ्याचा हात उत्तम, किनार कुठे ओढलेली नाही.

तर गुंटिस साहेबांना विचार की बरोबर साल कोणतं. मी कार्डं कापायला बसलो आहे, फक्त आकड्यांची जागा मोकळी ठेवली आहे. सूत उधारीवर सांगून ठेवलं, बंद मागांना तेलपाणी केलं. भंगारवाल्याला सांगितलं की आता दारात उभं राहू नकोस, उन्हाळाभर चारही माग चालणार आहेत.

थंडीत कान झाकत जा. उत्तर उलट टपाली यावं.
तुझा मामा,
गिरधर


उपेसकाल्न
ता. ९ फेब्रुवारी २००४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, मामा, मामा. माझं डिसेंबरचं पत्र आतापर्यंत मिळालं असेल. तुम्ही शंभर वर्षांचा क्लब चहाच्या बशीत जाळला!

साहेबांना हे कसं सांगू ते सुचेना, म्हणून आधी वेल्टा आजींकडे गेलो. या आजी पंचाहत्तरच्या पुढच्या, खेळाडूंचे कपडे धुतात, पूर्वी गिरणीत विणकर होत्या. तुमच्या मण्याची हकीकत ऐकून त्या एवढ्या हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाल्या की तो ध्वज त्यांनीच विणलाय. १९६७ साली! लाल सूत मिळत नव्हतं, तर मासेमारीच्या जाळ्याचा धागा रंगवून घेतला. आणि १९०४ का, तर शेजारच्या गावच्या क्लबाने १९०५ सालचा ध्वज लावला होता. गिरणीच्या डायरेक्टरने आजींना बोलावलं आणि आपला एक वर्ष आधीचा करा, असा हुकूम दिला. बस. आपल्या गणपती मंडळांसारखंच झालं. समोरच्या गल्लीचं पंचविसावं वर्ष, तर आपलं एकदम पन्नासावं.

खरा क्लब १९२७ चा. गिरणीतल्या अकरा जणांनी काढला, आजींचे वडील त्यात होते, एकोणीस वर्षांचे, राइट हाफ. गोलकीपरच्या दोन्ही पायांत डावेच बूट. पहिली मॅच अकरा-शून्यने हरले आणि तरी गावात मिरवणूक काढली, कारण बॉल फाटला नव्हता. मग युद्ध आलं. अकरातले चार परत आले. त्या चौघांनी पहिल्यांदा काय केलं, तर गोलचे खांब पुन्हा रोवले. हे सगळं कोणी कधी विचारलंच नाही, असं आजी म्हणाल्या. मी वही आणलीय, लिहून घेतोय.

शेवटी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की त्यांनाही हे साल वारशात मिळालंय, आता कोण बघायला येतंय, मामांना म्हणावं १९०४ च विणा. मामा, मलाही तसंच वाटतं. धागा आपल्यालाच कळतो, बाकी दुनियेला फक्त लाल रंग दिसतो. हे काम गेलं तर तुमचे माग जातील. हट्ट करू नका, हात जोडतो.

रागावलात तरी पत्र पाठवा.
आपला,
वामन


लोधीपुरा
ता. १४ मार्च २००४

चि. वामन यास उषामामीचा आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तुझ्या मामांना न दाखवता टाकतेय. तुझं पत्र आल्यापासून घरात मोठा तमाशा आहे बाप्पा. यांनी दोन्ही सालांची कार्डं कापून ठेवलीत. १९०४ ची डाव्या खुंटीला, १९२७ ची उजव्या खुंटीला, आणि मधे बसून राहतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, विचार चाललाय. कायचा विचार! भाजी गार होते.

तुमच्या त्या क्लबाची सगळी कथा लोधीपुऱ्यात पाठ झालीय. केळीच्या आडतीवरचे लोकही विचारतात की गिरधरभाऊ, तुमच्या टीमचं काय झालं. त्या अकरा जणांतले चारच परत आले हे सांगताना तुझे मामा चहाचा कप खाली ठेवतात. परवा एकाने हसून विचारलं की भाऊ, तुमचे नातेवाईक होते काय. हे म्हणाले, विणकर होते.

मी समजावून पाहिलं. म्हटलं, तुमचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनचा आहे, अख्ख्या वर्गाचा एक जूनचाच आहे, त्याने कोणाचं काय बिघडलं? तर म्हणतात, ते मास्तरांनी लिहिलं, मी विणलेलं नाही. आता बोल!

पण खरं सांगू? या माणसाला हे काम मनापासून पाहिजे. रोज उठून बंद मागांवरून हात फिरवतात. तर तू साहेबांना विचार, सालच नको घालायला. नुसतं नाव विणलं तर दोघांचीही लाज राहील. माझं नाव मधे घेऊ नको.

शेवग्याच्या शेंगा लागल्यात, तू नाहीस. पोटाला जप.
तुझी मामी,
उषा


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
ता. १८ एप्रिल २००४

चि. वामन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

साल न घालता विणायची तुझी सूचना पोचली. ती तुझी नाही, हे मला माहीत आहे. तुला एवढी अक्कल असती तर पत्र पार्सलाच्या आतच घातलं असतंस. मामीला मी काही बोललो नाही. सूचना चांगली होती, मी मान्यही केली होती. पण गुंटिस साहेब म्हणतात की शंभरीच्या उपरण्यावर शंभरच नसेल तर ते थंडीचं मफलर झालं. त्यांच्या बाजूने तेही बरोबर आहे.

सोबतच्या पार्सलात (हे पत्र आतच आहे, बघ) त्यांचा ध्वज परत पाठवला आहे. अकरा धागे काढले होते, अकरा घातले. तापीवरच्या भोयांकडून जाळ्याचं नायलॉन आणलं, चार वेळा रंगवलं, तेव्हा छटा जुळली. वेल्टाबाईंना म्हणावं, कोणते अकरा माझे ते ओळखून दाखवा. त्यांनाही नाही सापडले तर मला कळव.

दुसरं एक उपरणं आहे, एकच. त्यावर आउडेय्स आणि १९२७ आहे. ते वेल्टाबाईंना दे. विणकराकडून विणकराला, किंमत नाही.

तू विचारतोस की एवढं काय अडलं होतं. हिशेब साधा आहे. वेल्टाबाईंचे वडील १९२७ मध्ये एकोणीस वर्षांचे, म्हणजे जन्म १९०८ चा. १९०४ नंतर चार वर्षांनी जन्माला येणारा माणूस राइट हाफ खेळत होता, हे मी कापडावर कसं उतरवू? अकरा-शून्यने हरून मिरवणूक काढणारी माणसं ती. त्यांचं खरं साल शेजारच्या गावावर कुरघोडी करायला दडवलं गेलं आणि कोणी विचारलं नाही. मला ठाऊक नसतं तर मी आनंदाने तीन हजार विणली असती. आता ठाऊक झालं, त्याला मी काय करू?

सूत परत केलं. एक माग बुधवारी भंगारात गेला. सहाशे बारा किलो भरला. भंगारवाल्याचा काटा सहाशे दाखवत होता, तेव्हा मी माझा काटा आणला. उरलेले तीन आहेत, त्यातले दोन चालतात. तुझी मामी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी कूलर फार आवाज करतो म्हणाली, म्हणजे राग गेला.

साहेब तुझ्याशी बोलत नाहीत असं लिहिलंस. हरकत नाही, चुन्याच्या रेषा सरळ मार, माणूस आपोआप बोलायला लागतो. वही मात्र पुरी कर. आजी आहेत तोवर दोन्ही युद्धांमधल्या सगळ्या मॅचचे आकडे उतरवून घे. हरलेलेही.

घरी सर्व खुशाल. तू जिथे असशील तिथे आमची आठवण जागी राहो, एवढंच मागणं.
तुझा मामा,
गिरधर

ता. क. वहीत इतिहास लिहितो आहेस तर शेवटच्या पानावर हेही लिही, आणि आकडा बदलू नकोस. साहेबांचा फॅक्स लीलाधरच्या एसटीडी बूथवर आला आणि त्याने तो रांगेतल्या सगळ्यांना वाचून दाखवला, म्हणून साक्षीदार भरपूर आहेत. १९०४ विणायला नगास बावन्नऐवजी पंच्याऐंशी रुपये, निम्मे आगाऊ, आणि वर १ मेच्या सोहळ्यासाठी माझं जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट. तीन हजार नग. तिकीट सोडून एकूण दोन लाख पंचावन्न हजार रुपये. मी नाही म्हटलं.