वेग कोण ठरवणार?

नोएडा, गुरुवार

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांना श्यामकांतचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचं पित्त, दोन्ही शांत असतील असं धरून चालतो. इकडे वासंती मजेत आहे (तुमचीच बहीण, त्यामुळे तक्रारींसकट मजेत).

माझे मात्र सोमवारपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. आपल्या छोट्या कॉम्प्युटरची ऑर्डर एका वाचनालयाने दिली होती, अट एकच, आवाज नको. आणि आपलं मशीन चालू केलं की पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. मिनिटभर घूंऽऽ, मग गप्प, मग पुन्हा घूंऽऽ. इंजिनिअर म्हणाले, सर, वहम है. (लाजपतनगरात रेडिओ दुरुस्त करून कमावलेले कान आहेत हे, भास कसला?) सोमवारच्या तपासणीत नापास झालो असतो तर ऑर्डर गेलीच होती.

शेवटी आमच्या उल्काने सिस्टिमचा कोड उघडला. प्रोसेसरचा वेग कमीजास्त करायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे चिपशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. कोणी वेग स्वतः ठरवतो, कोणी सिस्टिम सांगेल तो लावतो. आमच्या चिपवाल्याचा ड्रायव्हर दोन्ही कामं अंगावर घेऊन बसला होता. मी म्हटलं, अच्छा, मग तर बेस्टच की. पोरगी हसली. "बाबा, सिस्टिम म्हणते हळू, आणि हा आपल्या मनाने पळतो. पंख्याने कोणाचं ऐकायचं?"

मग तिने दारातच चौकशी बसवली. ड्रायव्हर आला की विचारायचं, चिप सुरू करता येते का, वेगाच्या मर्यादा तपासता का, आणि वेग तुम्ही ठरवणार की आम्ही सांगू तो लावणार? दोन्ही म्हणालात किंवा गप्प राहिलात, तर आत प्रवेश नाही. चिपवाल्याचा ड्रायव्हर पहिल्याच खेपेला परत! (चिपवाल्याचा फोन आला, आवाज पंख्याहून मोठा.) त्याने एक काम काढून नवा पाठवला. मशीन लावलं आणि मला वाटलं, बंदच पडलं. कान टेकवला तेव्हा कळलं, चालू आहे. सोमवारी वाचनालयाच्या बाईंनीही तस्साच कान टेकवला आणि ऑर्डर पक्की केली.

आपला,
श्यामकांत

ता. क. जानेवारीत हिमाचलात काला अंबला जाऊन आल्यावर महिनाभर इथे राहून तुम्ही "धंद्याकडे जरा बघणार" आहात असं लिहिलंत. बिल्कुल या. पण मागच्या खेपेला "मी काय, सांगाल ते करीन" म्हणत तुम्ही सगळी टेबलं फिरवलीत आणि पॅकिंगवाल्याला परस्पर रजा दिलीत. तेव्हा निघण्याआधी एवढं कळवा, तुम्ही ठरवणार की आम्ही सांगू ते करणार?

आणखी ता. क. उल्काने पत्र वाचलं. म्हणाली, दसऱ्यापासून कंपनी मी चालवते, हे मामांना सांगितलंत का? आणि तोच प्रश्न तिने मला विचारला. मी म्हटलं, दोन्ही.

तेव्हा या, भाऊसाहेब. आपण दोघं बाहेर टपरीवर चहा घेत बसू.