पाय जमिनीला लागायच्या आधी

पुणे,
रविवार, ६ मार्च २०२२

तीर्थस्वरूप गोरखमामा,

रत्नाचा नमस्कार. पायाला हात लावायला तुम्ही समोर नाही, म्हणून कागदावरच वाकते. मी खुशाल आहे. हे वाक्य खरं आहे, ते आधी नीट वाचा आणि मगच पुढे जा.

फोन का केला नाही म्हणाल. तुमच्याकडे रेंज येते ती धरणाच्या भिंतीवर, आणि तिथे तुमच्याबरोबर निम्मं डिंभे कान लावून असतं. शिवाय फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला ओरडता आणि मी गप्प बसते, हे आपलं ठरलेलंच आहे. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता यायचं नाही. भागूदादा मंगळवारी तरकारीची गाडी घेऊन मार्केट यार्डात येतो, त्याच्या हाती देईन.

इथे मैदानाजवळच्या वसतिगृहात आम्हा मुलींची सोय केली आहे. भात लांब दाण्याचा आहे, कितीही खा, पोटात काही गेल्यासारखं वाटत नाही. मामीने बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकरी मुलींनी पहिल्याच दिवशी संपवल्या. सुकटाची चटणी तेवढी मी पिशवीच्या तळाशी लपवली आहे.

श्रेया मॅडम भेटल्या. तुम्ही ज्यांना 'फोनातली बाई' म्हणता, त्या. दोन वर्षं फक्त आवाज आणि फोनवरचा चेहरा, त्यामुळे त्या इतक्या बुटक्या असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला त्यांची प्रयोगशाळा दाखवली. पळत्या पट्ट्यावर खेळाडूला पळवायचं, तोंडाला मुखवटा लावून श्वास मोजायचा, अशी सगळी यंत्रं. म्हणाल्या, लॉकडाऊन लागला तेव्हा यावर चादरी टाकून कुलूप लावलं आणि तुम्ही पोरं गावोगाव विखुरलात. मग यंत्रांचं काम तुमच्या बोटांवर सोपवलं.

ते काम तुम्हाला कधीच पटलं नाही. सकाळी जाग आली की उठायचं नाही, पाय जमिनीला लावायचा नाही, मनगटावर दोन बोटं ठेवून पडल्या पडल्या नाडी मोजायची. झोप कशी लागली, अंग दुखतंय का, ते रेंज मिळाली की मेसेज करून कळवायचं. आई दारात उभी राहून म्हणायची, उजाडलं तरी लोळतेय, सासरी हिचं कसं व्हायचं. आणि तुम्ही अंगणात शिट्टी फुंकत असायचात. मॅडमनी निम्मे दिवस सावकाश पळायला सांगितलं होतं, इतकं सावकाश की पळता पळता गाणं म्हणता आलं पाहिजे. मी कालव्याच्या रस्त्याने गुणगुणत निघाले आणि तुम्ही सायकलवरून ओरडलात, "पळतीस का दळतीस गं?" सगळा रस्ता हसला. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता.

पण मामा, त्या दळण्यानेच मी सुधारले. तुम्हीही ते बघितलं आहे. डिसेंबरात आपण लेण्याद्रीला गेलो, मी पायऱ्या एका दमात चढले आणि वर उभी राहून माकडांना चिडवत होते. दोन वर्षांपूर्वी तिथे पोचून मी भिंतीला टेकायची. तुम्ही मात्र अर्ध्यावर बसला होतात. चप्पल चावते म्हणालात.

लिहायचं ते राहूनच जातंय. आजच्या निवड चाचणीबद्दल लिहायचं होतं. ट्रॅक लाल आहे, सकाळी हवा छान होती. आणे गावचा सुनील आला होता. गेल्या वर्षी ताप उतरल्यावर दोनच दिवसांत जोरात पळायला लागला होता, तो. हृदयाला सूज आली म्हणून डॉक्टरांनी त्याला कितीतरी महिने बसवून ठेवलं. आता बरा आहे, पण आज तो पळायला नव्हता, पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मला बाटली देताना म्हणाला, जप. एवढंच.

मामा, मी पळाले नाही.

नाव पुकारलं, मी रेषेवर उभी राहिले आणि बाजूला झाले. पंचांनी विचारलं, काय झालं, पाय दुखावला का? मी नाही म्हणाले आणि कडेला जाऊन बसले. बाकीच्या मुली सुटल्या. पाच हजार मीटर म्हणजे बराच वेळ बघत बसावं लागतं.

कारण तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ते मानत नाही. फेब्रुवारीत मला ताप आला. तुम्ही म्हणालात, उतरला ना, मग पळ. मॅडमनी सांगितलं, आधी चालायचं, मग हळू पळायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी शांत असेल तरच पुढची पायरी. मी अजून मधल्या पायरीवर होते आणि चाचणीची तारीख आली. आज सकाळी मोजली तर नेहमीपेक्षा खूपच वर. भीतीने असेल म्हणून पडून राहिले, परत मोजली. तेवढीच. अंग गरम करायला थोडी पळाले, तर कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यावर जसं फडफडतं तसं छातीत झालं.

मॅडमना दोष देऊ नका. त्यांनी नाडी ऐकून घेतली, उद्या तपासणीला ये म्हणाल्या, आणि पळायचं की नाही ते मला ठरवायला सांगितलं. ठरवलं मी. माझ्या वयोगटात हे शेवटचं वर्ष होतं, तेही मला कळतं. मी रडले, मामा. मुतारीच्या मागे जाऊन पोटभर रडले.

पण रेषेवर उभी असताना मला माझ्या जिवाची भीती वाटत नव्हती, हे मला तुम्हाला सांगायचंय. मला तुम्ही दिसत होतात. मला सोडायला घोडेगावच्या स्टँडवर आलात, माझी पिशवी घेतलीत, आणि चढावर दगडावर बसलात. सकाळची थंडी आणि तुम्हाला घाम. ओठ कसे निळे झाले होते ते तुम्हाला दिसलं नसेल, मला दिसलं. पित्त झालं म्हणालात. मामीला सांगू नको म्हणालात. आणि मी दवाखान्याचं काढल्यावर म्हणालात, "तुझी ट्रायल व्हऊ दे, मंग दाखवतो."

मामा, गेल्या वर्षी तुम्ही ऑक्सिजनवरून उठून आलात ते थेट माझ्या मागे सायकलवर. तुम्हाला कुणी चालायला, मग हळू पळायला सांगितलंच नाही. लेण्याद्रीला तुम्हाला चप्पल चावत नव्हती. कालव्याच्या चढावर तुम्ही साखळी नीट करायला उतरता, ती साखळी मी स्वतः तेल घालून नीट केली होती. मी कधी बोलले नाही, कारण तुम्ही शिट्टी फुंकत होतात तोवर मला वाटायचं सगळं ठीक आहे.

ट्रायल झाली, मामा. मी पळाले नाही, पण ती झाली. मी पळाले नाही म्हणून तुमचा वायदा मोडू नका. माझ्यावर रागवा, बोलू नका, शिट्टी दुसऱ्या पोरीसाठी वाजवा. पण उद्या जाग आल्यावर उठू नका. पाय जमिनीला लागायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठा नको, आणि मोजा. मग मंचरला दवाखान्यात दाखवून या.

मी मामीला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या मंगळवारी भागूदादा रिकाम्या हाताने आला, तर सांगेन.

तुमच्या उत्तराला घाबरणारी आणि उत्तर न आल्यास त्याहून घाबरणारी,
तुमची रत्ना

डिंभे,
गुरुवार, १० मार्च

रत्ना, आशीर्वाद.

तुझं पत्र भागूनं मंगळवारी दिलं. वाचलं आन खिशात घातलं. दोन दिवस खिशातच व्हतं. तुझ्या मामीला वाचता येत न्हाई म्हणून वाचलो.

राग आला. खोटं कशाला लिहू. नाक्यावर लोक इचारत व्हते, पोरगीचं काय झालं, तर मी म्हणलो, भ्याली. तसं म्हणाया नको व्हतं. त्याच लोकांना आता काय सांगायचं ते माझं मी बघीन.

जाळी टाकायला दोन दिस गेलो न्हाई. आंब्याला मोहर बरा हाय. तुझी आई येऊन गेली, तिला म्या काय बोललो न्हाई.

आज जाग आली तवा उठलो न्हाई. तू सांगितलं तशी बोटं ठिवली. मामी चुलीपाशी व्हती, मला पडलेला बघून धावत आली. इतक्या वरसात तिनं मला त्या टायमाला पडलेला बघितलाच न्हाई. म्हणलं, गप, मोजतोय. ती हातातली फुंकणी तशीच धरून उभी राहिली.

आकडा लिहीत न्हाई, तो डाक्टरला सांगीन. पर रत्ना, नाडी सरळ चालत न्हाई गं. चालता चालता थांबती, मंग घाईघाईनं दोन पावलं टाकती, परत थांबती. तीनदा मोजलं. तीनदा तसंच. असा पळणारा माझ्याकडं आला असता, तर त्याला म्या हाताला धरून रेषेवरनं बाजूला काढला असता.

तू केलंस ते बराबर केलंस. एकदाच लिहितो, परत म्हणायला लावू नको.

मामीला सगळं सांगितलं. ती रडली, मंग मला लई बोलली, आता धुतलेला सदरा शोधतीया. भागू दारात गाडी चालू ठिवून उभा हाय. मंचरला जातो. तिथनं जे काय सांगतील ते तुला कळवीन, लपवणार न्हाई. तुझ्या तपासणीचं पण मला लपवू नको. आन त्या मॅडमला इचार, माझ्या वयाच्या माणसानं पयली पायरी कुठली धरायची.

हे पत्र पडूनच लिहिलं हाय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. आता उठतो.

तुझा,
अजून जमिनीला पाय न लावलेला,
गोरखमामा