वाडग्यातली हरळी

लखनौ, २ मार्च, संध्याकाळ

भीती वाटतेय. दिवाळीआधी गोल्फ क्लबच्या सभेत मीच टेबलावर मूठ आपटली होती. हिवाळ्यात हरळी पिवळी पडते म्हणून तिच्यावर विलायती गवत पेरणं ही पाण्याची उधळपट्टी आहे, तिला झोपू द्या, होळीपर्यंत आपोआप उठेल! टाळ्या पडल्या, पेरणी रद्द झाली. आता ऊन तापू लागलंय आणि सगळं मैदान तपकिरीच. झोपलीय की मेलीय? मेली असेल तर सगळं उखडावं लागेल. मी वाचलेल्या पुस्तकांत आठवडेच्या आठवडे ऊन अडवणारं इथलं धुकं कुठे होतं?

परवा मैदानातला एक तुकडा मुळांसकट कापून आणला आणि वाडग्यात ठेवला. घरच्या उबेत जिवंत मूळ कोंब धरतं. अजून काही नाही. उद्या सभा. काय बोलणार?

"अहो, तो माझा दह्याचा वाडगा आहे," ही म्हणाली.

लेक हसली. "बाबा, इसे भी भाषण दे दो. शायद उठ जाए."

मीही हसलो. दोघी आत गेल्यावर मात्र वाडग्यावर वाकलो आणि खरंच म्हणालो, "ऊठ गं बाई."