अण्णांच्या नावाची लाट

सोमवार, ६ जानेवारी

लागली एकदाची नोकरी. मुलुंडला, डोळ्यांच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली केकचं दुकान, म्हणजे वजनाची वाट लागणार. भांडुपला मावशीकडे राहते, तिथून रिक्षाने वीस मिनिटं.

काम मजेचं आहे. पेशंटच्या डोक्याच्या मागच्या बाजूला पेस्टने तारा चिकटवायच्या आणि त्याला पडद्यासमोर बसवायचं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी सतत अदलाबदल करतात, त्याने मधल्या लाल ठिपक्याकडे बघत राहायचं. डोळ्याने पाहिलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचलं की माझ्या कॉम्प्युटरवर लाट उठते. उशिरा आली किंवा बसकी आली, तर डोळ्यामागच्या नसेत काहीतरी बिघाड असू शकतो.

डॉक्टर वसुधा मॅडमचा एक नियम मात्र कडक. चौकटींच्या दर फेरीनंतर पेशंटशी बोलायचं आणि ‘स्थिती’च्या रकान्यात लिहायचं: जागा, पेंग की झोप. डोळा तोच, पडदा तोच, पण मेंदू पेंगायला लागला की लाट बसते. तो एक शब्द नसेल तर मॅडमना लाट वाचताच येत नाही म्हणे.

मशीन नीट चालतंय ना, हे बघायला रोज सकाळी स्वतःलाच तारा लावून एक तपासणी करायची. तिथे नावाचा रकाना कोरा ठेवतात. माझी लाट बघून मॅडम म्हणाल्या, अपूर्वा, ही तर पुस्तकात छापावी अशी. मी दिवसभर फुशारक्या मारल्या.

मंगळवार, १४ जानेवारी

हे लिहायचं नव्हतं. पण कुठेतरी लिहायला हवं.

आज संक्रांतीचा अर्धा दिवस. शेवटचे पेशंट नंदकुमार तोंडवळकर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गिरणी गेल्यापासून घाटकोपरला भटवाडीत एका लाँड्रीशेजारी बसून रफू करतात. महिनाभर उजव्या डोळ्यासमोर धूर आहे. सुईत दोरा मुलगी, कुंदाताई, ओवून देते. डोळे गेले तर काम गेलं, आणि दुसरं काही त्यांना येत नाही. माझ्या ओढणीचं भोक त्यांनी बोटांनीच शोधलं आणि म्हणाले, “डोळे बरे झाले काय ही भरून देतलंय गो बाय.”

खोलीत अंधार होता, अण्णा शांत बसले होते आणि मी मोबाइलमध्ये. फेरीमागून फेरी गेली, मी एकदाही त्यांच्याशी बोलले नाही. बघते तर उजव्या डोळ्याची लाट सपाट, आणि अण्णांची मान छातीवर. ते पेंगले होते म्हणून सपाट की खरंच नस बिघडली म्हणून? मला सांगता येईना. परत करायची तर पाऊण तास, आणि मावशीकडे चारला हळदीकुंकू.

सकाळची माझी तपासणी समोरच होती, दोन्ही डोळ्यांची, नाव कोरं. मी तिच्यावर अण्णांचं नाव टाकलं. स्थितीत लिहिलं, जागा.

मॅडमनी लाट वाचली, तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, नस ठणठणीत आहे, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, महिन्याने दाखवायला या. कुंदाताईने मोठा श्वास सोडला. अण्णांनी मला हात जोडले. माझ्या वडिलांहून मोठा माणूस, मला हात जोडत होता.

हळदीकुंकवाला वेळेत पोचले. लाज वाटते. उद्या मॅडमना सांगते.

गुरुवार, १६ जानेवारी

सांगितलं नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, नवीन असून किती स्वच्छ काम. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी हसले.

सोमवार, २० जानेवारी

सकाळच्या तपासणीत माझा डावा डोळा ठीक, उजव्याची लाट बसकी. तारा बदलल्या, पेस्ट बदलली, तरी तेच. मी टक्क जागी होते, समोर चहा होता. रकान्यात मात्र लिहिलं, पेंग. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं जातं.

येताना रिक्षाचा नंबर उजव्या डोळ्याने वाचता आला नाही. धूर असल्यासारखा.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी जेवणानंतर खुर्चीतच पेंग आली. पेंगेत दिसलं ते कधी नव्हे इतकं स्पष्ट: तपकिरी कापड, सुईचं नेढं, एक जाड अंगठा, त्याच्यावर कात्रीचा जुना व्रण. दोरा एकेका धाग्याखालून जात होता. बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

डोळे उघडले तर परत धूर.

जागी असताना दिसत नाही, पेंगले की दिसतं. पण ते माझं नाही.

बुधवार, २९ जानेवारी

अण्णा आले. पेढे घेऊन.

धूर गेला म्हणाले. सुईत दोरा आता स्वतः ओवतात. सगळी माझी कृपा म्हणे. मी अंगठा पाहिला. व्रण होता.

मग हसत सांगितलं की दुपारी जरा डोळा लागला की काळ्या-पांढऱ्या चौकटी नाचतात, आणि कुणाचा तरी हात वहीत लिहिताना दिसतो. अक्षर छान आहे, पण वाचेपर्यंत जाग येते.

जाताना माझी ओढणी मागून घेतली. पैसे नकोत म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, आणि ते पुसटही दिसत होते.

रविवार, २ फेब्रुवारी

आता डावाही.

मला कळलंय. मी नुसती लाट त्यांच्या नावावर केली नव्हती. डोळे केले होते.

मॅडमना सांगितलं तर त्या ती फाइल काढून टाकतील. मग अण्णा — नाही सांगितलं तर मी. खरं म्हणजे मी गप्प आहे ती अण्णांसाठी नाही. लाजेने गप्प आहे. हे तरी इथे खरं लिहिते.

अक्षरं मोठी काढतेय. ओळ सुटते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुंदाताईचा फोन. अण्णा दुपारी झोपेत बडबडतात. हळदीकुंकू म्हणतात. नाव कोरं म्हणतात. तिने विचारलं, ‘दुसरं खोटं पहिल्याहून सोपं जातं’ म्हणजे काय.

मी माहीत नाही म्हटलं.

लिहिणं बंद करायला हवं. पण हात —

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळ. मॅडम यायच्या आहेत. अण्णा आणि कुंदाताई बाहेर बसलेत, महिन्याने बोलावलेलं म्हणून. ओढणी आणलीय. शेवटचे टाके घालताहेत.

फाइल उघडली. नाक काचेला लावून नाव वाचलं. नंदकुमार तोंडवळकर. मशीन विचारतंय, कायमची काढून टाकू?

आधी बाहेर जाऊन सांगायला हवं. निदान सुई हातातून काढून घ्यायला —

दाबलं.

दिसतंय. सगळं दिसतंय. माझंच अक्षर, किती घाण.

बाहेर अण्णा विचारताहेत, लाइट गेली काय. लाइट आहे. कुंदाताई रडायला लागली. मी उठले नाही. दुसऱ्यांदा तेच केलं मी, आणि आता दिसत असूनही —

ते गप्प झाले. उठले. भिंतीला हात लावत इकडे येताहेत. दारात उभे. डोळे मिटलेले, श्वास झोपेतला. ओढणी हातात.

मी लिहिते तो शब्द ते मोठ्याने वाचताहेत.

हाही.

कुंदाताई मागे उभी राहून ऐकतेय. मी थांबले की तेही थांबतात, आणि वाट बघतात. जिन्यात मॅडमचा आवाज.

अण्णा, त्या दिवशी मी तुमची