पाखरांवरचा आळ आणि खळ्यात पडलेला पाना

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
विमान इंजिन बिघाड चौकशी कक्ष,
मुक्काम लातूर.

अर्जदार : गुणाबाई हणमंतराव शेळगे, वय ५२, रा. शेंदाळवाडी, ता. रेणापूर.

विषय : खळे मोडण्याची नोटीस रद्द करून सापडलेल्या पान्याचा पंचनामा करणेबाबत.
संदर्भ : आपली दि. १० मार्च २०२५ ची नोटीस.

महोदय,

१. दि. ३ मार्च रोजी सकाळी लातूरहून नांदेडकडे निघालेले मालवाहू विमान अर्जदाराच्या शेतावरून जाताना मोठा दणका झाला. एका इंजिनातून धूर निघाला आणि विमान माघारी वळले. आतली तिन्ही माणसे सुखरूप उतरली, याचा अर्जदारास मनापासून आनंद आहे. परंतु आपण लिहिता की, अर्जदाराच्या खळ्यावरील ज्वारीला पाखरे जमली, त्यातले एक इंजिनात शिरले, सबब सात दिवसांत खळे मोडावे व पाखरांचा बंदोबस्त करावा. पाखरे अर्जदाराच्या मालकीची नाहीत. सातबारावर त्यांची नोंद नाही.

२. ज्वारीची काढणीच मुळी दि. ६ रोजी सुरू झाली. आपले साहेब दि. ८ रोजी आले, त्यांनी खळ्यावर ज्वारी पाहिली आणि ती दि. ३ च्या दणक्याला लावली. दि. ३ रोजी सारवलेल्या रिकाम्या खळ्यावर पाखरे काय टिपत होती, ते कळवावे.

३. दणक्यानंतर खळ्याच्या कडेला आभाळातून जे पडले, ते पाखरू नव्हते. तो वीतभर पाना होता. एका टोकाला चेचलेला, हात लावू नये इतका तापलेला, वर 'के ४१' कोरलेले. अर्जदाराच्या पतीचे रेणापुरात पाणी ओढायची इंजिने दुरुस्त करण्याचे दुकान आहे. ते इंजिन उघडतात, पाने अर्जदार मोजते. काम सुरू करताना गोणपाटावर मोजायचे, संपल्यावर पुन्हा मोजायचे. बावीस वर्षे हीच रीत आहे. एकदा गिऱ्हाईक घाईला आले असता पती म्हणाले, "एक पाना कमी हाय. हँडल मारायचं न्हाई." गिऱ्हाईक लई भडकले. पाना गिऱ्हाइकाच्याच बुडाखाली निघाला.

विमानाच्या इंजिनात पाना विसरणाऱ्या कामगाराला शिक्षा करा, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. माणूस विसरतो. पण ज्यांनी मोजायचे त्यांनी न मोजता सही केली, तीन माणसे वर पाठवली आणि आता पाखरावर ढकलून मोकळे झाले, याचा अर्जदारास संताप आहे.

४. दि. ११ रोजी विमान कंपनीचे एक गृहस्थ जीपने आले आणि म्हणाले, "बाई, तो पाना कंपनीची मालमत्ता हाय. देऊन टाका." अर्जदार म्हणाली, "तुमचाच हाय, एवढं कागदावर लिहा अन् खुशाल न्या." गृहस्थांनी काढलेला पेन परत खिशात ठेवला व चहा न घेता गेले.

५. तरी खळे मोडले जाणार नाही. रास तिथेच होईल. आपण पंचांसह यावे, पाना कुठे पडला ती जागा अहवालात लिहावी, पाखराचे नाव खोडावे, पोच द्यावी आणि मगच पाना न्यावा. त्याआधी जीप आली काय अन् आणखी काही आले काय, तो मिळणार नाही.

आपली,
पाने मोजणारी,
(सही) गुणाबाई हणमंतराव शेळगे
दि. १३ मार्च २०२५

सोबत :
१. नोटिशीची झेरॉक्स.
२. काढणीच्या मजुरांच्या हजेरीची झेरॉक्स.
३. पान्याचा फोटो. पाना जोडलेला नाही. तो दुकानात वेगळ्या खिळ्याला टांगला आहे. रोजच्या मोजणीत तो धरत नाही, कारण तो आमचा नाही. कुणाचा आहे, ते आपण लिहावे.