उरलेल्या बारा नळ्यांची व्यवस्था

मी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील सहायक, वय सत्तावीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. गुरुवारी माझी हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो, हर्नियासाठी कोणी मृत्युपत्र करतं का?" मी करतो. नोकरी मनासारखी आहे, घरची माणसे चांगली आहेत, तक्रार नाही. पण व्यवस्था लावलेली बरी.

१. घरातील माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक आईला. सायकल दादाला, मागचा ब्रेक लागत नाही, हे त्याला आधी सांगावे.

२. मामांना काहीही नाही. "बुरशी पोसायला लोकांचे पैसे कशाला?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. त्यांचे नाव चुकून राहिलेले नाही.

३. ही बुरशी पिकाची मुळे कुजू देत नाही. आमच्या प्राध्यापिका बाईंनी बावीस वर्षांत तिचे एकोणीस वाण जमवले. दर एकवीस दिवसांनी प्रत्येक वाण नव्या नळीत, ताज्या खाद्यावर लावावा लागतो. मी कॉलेज पहिल्याच वर्षी सोडले. हे काम बाईंनी हाताला धरून शिकवले.

तीन वर्षांपूर्वी अनुदान आठ महिने थांबले आणि प्रयोगशाळेची वीज तोडली गेली. मी नळ्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. एका रविवारी वहिनींनी फ्रीज साफ केला.

"भावोजी, सगळ्या नळ्यांना बुरशी आली होती. सात उकळत्या पाण्यानं लख्ख धुतल्यात, बारा राहिल्यात!"

"वहिनी, अहो, बुरशीच ठेवली होती त्यात!"

"मग आधी सांगायचं नाही? मला काय स्वप्न पडणार होतं?"

चूक माझी. नळ्यांवर वाणाचा क्रमांक होता, 'धुऊ नये' असे लिहिले नव्हते. वहिनींना कोणी बोल लावू नये. पुढे अडलेले अनुदान एकरकमी आले. सात वाण आले नाहीत.

४. वाण उचलायची माझी तारेची आकडी व ती तापवायचा स्पिरिटचा दिवा नव्या सहायकाला. नळ्यांची पुढची लावणी शुक्रवारी आहे.

५. आईने देऊ केली तरी माझी शिल्लक बाईंनी नळ्यांसाठी घेऊ नये. ती एकदाच देता येईल. नळ्यांना पैसा दर एकवीस दिवसांनी लागतो. हे पीक ज्यांच्या ज्यांच्या ताटात जाते त्या सर्वांचे हे काम आहे, म्हणून ते सरकारने न थांबता करावे.

६. पुढील पाच वर्षांच्या अनुदानाचा निर्णय समिती बुधवारी घेणार आहे. कलम ३ व ५ ची नक्कल बाईंनी समितीपुढे ठेवावी. या एका कलमासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये.

सही: प्रयोगशाळा सहायक

साक्षीदार: रखवालदार, शेजारच्या विभागातील काचकाम करणारे. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

ठिकाण: प्रयोगशाळा, खिडकीजवळचे टेबल
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार