एक वर्ष माझे, एक वर्ष तुझे

॥ श्री ॥

मुरुड, जि. कुलाबा
माघ व. ५, शके १८८०
(ता. २८ फेब्रुवारी १९५९)

चि. भाऊस यज्ञेश्वराचे आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तिकडची खुशाली मुंबईहून येणारे कुणी ना कुणी सांगतेच, म्हणून आजवर विचारली नाही. तू जातीबाहेर रजिस्टर लग्न केलेस त्या सालापासून आपला पत्रव्यवहार बंद आहे. तो मी बंद केला. आज लिहितो आहे ते कामापुरते.

काम असे. आपल्या लक्ष्मीनारायणाची आता सरकारदरबारी नोंद व्हायची आहे. होळीनंतर चौकशीचे साहेब येणार आणि पूजा कुणाकडे, कशी चालते, हे गावासमक्ष विचारणार. संस्थान होते तेव्हा नवाब परधर्माचा, पण दिव्याचे तेल न मागता येत होते आणि गाभाऱ्यात कोण काय करतो हे पाहायला कुणी येत नव्हते. स्वराज्य आले आणि देवाला नोटीस आली. हे मी रागाने लिहीत नाही. राग यायला आधी काही अपेक्षा असावी लागते.

वडिलांनी वाड्या वाटल्या तशी पूजाही वाटली, हे तुला आठवत असेल. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक वर्ष माझे, एक वर्ष तुझे. ज्याचे वर्ष त्याने रोज पूजा करायची आणि त्याच्याच घरधनिणीने नैवेद्याचा भात शिजवायचा. तुझी वाडी तू कुळाला लावलीस, ती कुळकायद्याने त्याची झाली. पूजा कुळाला लावता येत नाही, म्हणून ती माझ्या गळ्यात राहिली. येत्या पाडव्याला पुन्हा तुझे वर्ष लागते. तेव्हा ‘माझ्या वर्षावरचा हक्क मी सोडला आहे’ एवढे लिहून, सही करून पाठव. दोन्ही वर्षे माझ्या नावावर लागली की प्रश्न मिटला.

हिंदुसभेचे काम मी सोडले. ऐकून तुला आनंद होईल, पण तो होऊ देऊ नकोस. माझी मते होती तीच आहेत. माणशी एक मत वाटल्याने शहाणपण वाढत नाही, गर्दी वाढते, हे मी बावन्न साली म्हणालो होतो. अजून मला कुणी खोटे पाडलेले नाही. पण गेल्या निवडणुकीत आमची मंडळी लाल बावट्यावाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आणि त्यांनी आपल्या सभामंडपात कर्णा बांधला. शेजारतीची वेळ झाली तरी भाषण आवरेना. मी म्हटले, देवाची निजायची वेळ टळते आहे. त्यावर रघुनाथशास्त्री म्हणाले की आधी धर्म टिकू दे, मग देव सुखाने निजेल. रघुनाथशास्त्री म्हणजे पलीकडच्या वाडीतले, तीस वर्षे माझ्याबरोबर ओटीवर सुपारी कातरत बसणारे. हे त्यांच्या तोंडून ऐकले आणि मला कळले, की काँग्रेसवाल्यांनी देवाची जमीन घेतली तर आमच्यांनी देवच उचलला.

धर्मासाठी प्राण देऊ म्हणणारी तरुण पोरे रोज दिसतात. त्यांतल्या एकालाही पुरुषसूक्त येत नाही. पहाटे उठून समईची वात नीट करायला माणूस मिळत नाही, मिरवणुकीला मात्र शंभर. मला या सगळ्याचा आता कंटाळा आला आहे, आणि कंटाळलेल्या माणसाने गप्प बसावे म्हणून मी बसलो आहे.

नारळ यंदा बरे आहेत. तुझी वहिनी अनुसूया प्रकृतीने ठीक. हल्ली थोडी हट्टी झाली आहे, पण त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

तुझ्या घरी जे सांगायचे ते तू सांगशीलच. कागद लवकर पाठव.

यज्ञेश्वर


॥ श्री ॥

मुरुड
फाल्गुन व. ५, शके १८८०
(ता. २९ मार्च १९५९)

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझा कागद उलट टपाली आला. अक्षर अजून तसेच, पुढे धावणारे. मी मागितले ते तू दिलेस, तक्रारीला जागा नाही. तरी दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मला वाटले होते तू भांडशील. लहानपणी पाटासाठी भांडायचास, आणि देवाचे अख्खे वर्ष एका ओळीत सोडून दिलेस. खाली ‘आपणा उभयतांस नमस्कार’. एवढा शहाणा तू कधी झालास?

मागच्या पत्रात अनुसूया हट्टी झाली एवढेच लिहून मी पुढे सटकलो. आता सांगतो.

पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना, ज्याची पूजा त्याचे नाव घ्यावे लागते. तुझी जेवढी वर्षे आली तेवढी मी तुझ्या नावाने केली. गोत्र आपले, नाव तुझे. गावाला वाटते यज्ञेश्वराने दोन्ही वर्षे घशात घातली. तू पतित झालास हे भर पंगतीत मीच सांगितले होते, आणि पतिताच्या नावाची पूजा देवाला पोचत नाही हेही मीच चारचौघांना समजावत होतो. सकाळी गाभाऱ्यात बसलो की तुझेच नाव घ्यायचो. वर्ष तुझे, तिथे माझे नाव घेणे म्हणजे चोरी, असे मी मनाला सांगत असे. पण खरे कारण ते नव्हते. दिवसातून एकदा तुझे नाव घ्यायला मला तेवढी एकच जागा उरली होती.

हे कुणाला ठाऊक नाही असा माझा समज. तर माघात, पाडव्यापासूनच्या तांदळाची गोष्ट निघाली तेव्हा, अनुसूया निसायचे सूप बाजूला ठेवून म्हणाली, “यंदा देवाचा भात मी शिजवायची नाही.”

मला वाटले गुडघे दुखत असतील. तसे विचारलेही.

“गुडघे धड आहेत. तुम्ही आत भाऊंचं नाव घेता ते मला दाराआडून ऐकू येतं. मग मी चुलीवर तपेलं ठेवताना कुणाचं घेऊ? माझ्या जावेचं, कोकिळेचंच घेत आले. आता पुरे झालं. एक तर देवासमोर आपली नावं घ्या, नाहीतर त्या दोघांना बोलवा. मी तिच्या नावानं आणखी शिजवायची नाही, ती जिवंत आहे.”

इतकी वर्षे एका छपराखाली आम्ही दोघे एकमेकांपासून हे चोरत होतो. तिला माझे ठाऊक होते, मला तिचे नाही, एवढाच फरक. मी नेहमीप्रमाणे सोपी वाट धरली. तुझ्याकडून कागद मागवला, म्हणजे आपली नावे घेता येतील आणि तिचा भात सुरू होईल.

परवा साहेब आले. तरुण, सभ्य माणूस. जोडे मंडपाबाहेर काढून आला. सगळा गाव जमला होता. रघुनाथशास्त्री माझ्या शेजारी, तुझा कागद माझ्या खिशात. साहेबांनी विचारले, पूजा कुणाची? शास्त्रीबुवांनी मला कोपराने खुणावले. मी उठलो आणि म्हणालो, “एक वर्ष माझे, एक वर्ष धाकट्या भावाचे. पाडव्यापासून त्याचे लागते.”

शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, की तो लग्नापासून या देवळात आलेला नाही.

“आला नाही, पण त्याची पूजा एक दिवस चुकली नाही,” मी म्हणालो, आणि वर तुला लिहिले ते सगळे तिथे गावासमोर सांगितले. अनुसूयेचेही सांगितले. शास्त्रीबुवा तेवढे म्हणाले की मग तुझ्याच शास्त्राने ती सगळी वर्षे फुकट गेली. मी म्हटले, गेली असतील. ते उपरणे सावरून उठले आणि निघून गेले. तेव्हापासून ओटीवर मी एकटा सुपारी कातरतो. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही उठलो असतो.

तुझा कागद सोबत परत धाडतो आहे. चुलीत घालणार होतो, पण लिहिलेले परस्पर जाळण्याचा अधिकार माझा नाही. तू जाळ.

आता विनंती. आज्ञा करण्याचे दिवस मीच घालवले. पाडव्याच्या आदल्या दिवशी दोघांनी या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची सकाळची लाँच धरा, म्हणजे पुढे एस.टी. मिळून उजेडी पोचाल. पूजा तू सांगायची नाहीस, करायची. मंत्र विसरला असशील तर मी मागे बसून सांगेन. रजा वर्षभराची मिळणार नाही हे मला कळते. निदान पाडव्याचा दिवस तुमच्या हाताने होऊ दे. पुढचे मी तुझ्या नावाने चालवीन, आता मोठ्याने. तुम्ही आपल्या तोंडून सांगून गेलात तर कोकिळेच्या नावानेही शिजवीन, असे अनुसूया म्हणते. तिने तिचे सोवळ्याचे लुगडे धुऊन वाळत घातले आहे, कोकिळेसाठी. मी म्हटले, तिला सोवळ्यातला स्वयंपाक जमेल का? तर म्हणाली, भातशेतीवाल्यांची लेक ती, तिला भात शिजवायला आपण शिकवायचं की काय.

गैरसमज नको. माझी मते बदललेली नाहीत. तुझे लग्न मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही, आणि देश ज्या वाटेने चालला आहे ती बरी नाही असेच मी मरेपर्यंत म्हणेन. घरे मोडली, रीत मोडली, त्यात तुझाही हात आहे आणि माझा तर आहेच. पण कोकिळेने शिजवलेला भात त्या दिवशी देव जेवील. तो जेवला की प्रसाद नाकारायची मुभा मला नाही, हेही माझेच शास्त्र आहे. घास घशाखाली उतरेल का, ते आज सांगता येत नाही. पान मात्र मांडून बसेन, तुझ्या शेजारी.

चि. भाऊस आशीर्वाद.
चि. सौ. कोकिळा हिस, हे मी प्रथमच लिहितो आहे, अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

तुम्हा दोघांचा,
दादा